नळ्यांच्या बग्गीसाठी कॅड निवडताना: एका हौशी प्रकल्पाचं प्रकरण

प्रकल्प असा: दोन जण बसतील अशी, कच्च्या वाटांवर चालवायची बग्गी. गोल नळ्यांची फ्रेम, मागे मोटारसायकलचं इंजिन, चेनवर फिरणारा मागचा अ‍ॅक्सल, पुढे दुहेरी विशबोन, म्हणजे चाकाला फ्रेमशी जोडणारे वरखालचे दोन त्रिकोणी हात. बांधणारा माझा जुना मित्र. वेल्डिंगला त्याचा हात चांगला बसला आहे, पण कॅडशी (संगणकावर मापांसह आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरशी) ओळख स्केचअपमध्ये घरातलं फर्निचर काढण्यापुरतीच. माझं रोजचं काम पत्र्याच्या भागांच्या ड्रॉइंगचं, म्हणून सॉफ्टवेअर निवडायच्या वेळी त्याने मला सोबत घेतलं. आम्ही काय तपासलं, कशाला महत्त्व दिलं आणि निर्णय कसा झाला, ते इथे सविस्तर मांडतो आहे.

कॅडची गरज आहे का, हा प्रश्न आम्ही आधी घेतला. जमिनीवर खडूने आखून, पुठ्ठ्याचे साचे कापून अनेकांनी उत्तम गाड्या बांधल्या आहेत. सरळ चौकोनी नळ्यांच्या फ्रेमला ती पद्धत आजही पुरते. इथे मात्र नळ्या वाकवून घ्यायच्या होत्या आणि बेंडर त्याच्याकडे नव्हता, म्हणजे मापं दुसऱ्याच्या हाती जाणार होती. ब्रॅकेट लेझरवर कापून घ्यायचे होते, म्हणजे फाइल द्यावी लागणार होती. शिवाय इंजिन, चेन, ब्रेकची डिस्क आणि दोन माणसांचे खांदे एका अरुंद जागेत बसवायचे, तर नळी कापण्याआधी ते सगळं एकत्र दिसायला हवं. या तिन्हीपैकी एकही गोष्ट नसती तर मी त्याला पुठ्ठा आणि गुण्या घेऊन बसायला सांगितलं असतं.

कामाच्या शेवटाकडून सुरुवात

सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचे तक्ते आम्ही बाजूला ठेवले आणि उलट बाजूने निघालो. सॉफ्टवेअरमधून बाहेर काय पडायला हवं आणि ते कोणाच्या हातात जाणार, हे आधी लिहून काढलं. नळ्या वाकवणाऱ्याशी बोललो तेव्हा तो म्हणाला, "मला चित्र नको, खुणा कुठे मारायच्या ते सांगा." त्या वाक्याने निम्मं काम सोपं केलं. त्याला हवी होती नळीची एकूण लांबी, प्रत्येक वाक कुठून सुरू होतो ते माप, वाकाचा कोन, आणि दोन वाकांच्या मध्ये नळी किती अंशांनी फिरवायची तो आकडा.

लेझरवाल्याला हवी होती एकास एक मापाची स्वच्छ डीएक्सएफ फाइल, म्हणजे सपाट आकाराच्या रेघांची फाइल. वेल्डिंगच्या टेबलासाठी लागणार होता छापील कागद: कटलिस्ट, टोकांचे कोन, आणि जिगवरच्या (वेल्डिंगच्या वेळी नळ्या जागेवर धरणाऱ्या साच्यावरच्या) ठरलेल्या बिंदूंमधली अंतरं. ग्राइंडरच्या ठिणग्यांजवळ लॅपटॉप कोणी नेत नाही, तिथे कागदच जातो. त्यामुळे "वर्कशॉपमध्ये इंटरनेट नाही" ही अडचण आम्ही धरली होती तेवढी मोठी उरली नाही.

या यादीत आम्ही आणखी एक अट घातली, आणि माझ्या मते हौशी कामात हीच सर्वांत महत्त्वाची: फ्रेम अर्धी झाल्यावर माप बदललं तर मॉडेल सावरतं का? कारखान्यात गाडीचं डिझाइन आधी गोठवतात, मग कापायला घेतात. हौशी माणसाकडे इंजिन नंतर येतं, सीट त्याहून नंतर मिळते, आणि प्रकल्प वर्षानुवर्षं चालतो. माप बदलणारच, हे धरूनच निवड करावी लागते.

स्केचअप का सोडलं

मित्राला येत होतं तेच वापरावं, हा मोह साहजिक होता. स्केचअपमध्ये झटपट कल्पना मांडता येते, आणि सीट कुठे, स्टिअरिंग कुठे हे त्याने त्यातच ठरवलं. पण स्केचअपचं वर्तुळ खरं वर्तुळ नसतं. ते सरळ तुकड्यांचं बनलेलं असतं, मुळात २४ तुकड्यांचं. ब्रॅकेटमधल्या बोल्टच्या भोकाला लेझरवर असे कोपरे यायला नकोत. दुसरं म्हणजे, एक माप बदललं की त्याच्याशी जोडलेलं सगळं आपोआप हलत नाही, एकेक भाग हाताने सरकवावा लागतो. बसायची जागा ठरवण्यापुरतं ते ठेवलं आणि पुढे निघालो.

उमेदवार आणि त्यांचे परवाने

चार नावं उरली: ऑटोडेस्कचं फ्यूजन, ऑनशेप, सीमेन्सचं सॉलिड एज आणि फ्रीकॅड. पहिल्या तिघांच्या हौशी वापराच्या मोफत आवृत्त्या आहेत, फ्रीकॅड मुळातच मुक्त आहे. सॉलिडवर्क्सची मेकर आवृत्तीही पाहिली. सरळ नळ्यांची फ्रेम आणि कटलिस्ट या कामात सॉलिडवर्क्सची वेल्डमेंट नावाची, वेल्ड केलेल्या फ्रेमसाठीची सोय फार मुरलेली आहे. पण मेकर आवृत्तीत बनवलेली फाइल व्यावसायिक आवृत्तीत उघडत नाही. गरज पडली तर मदत करणारा जो ओळखीचा होता, त्याच्याकडे व्यावसायिक आवृत्तीच होती. वर्षाला पैसे भरून वर ही कुंपणं नकोत, म्हणून ते नाव खोडलं.

परवान्यांकडे लोक शेवटी पाहतात, आम्ही मुद्दाम आधी पाहिलं. फ्यूजनच्या वैयक्तिक परवान्यात एका वेळी १० फायलीच संपादनासाठी खुल्या राहतात, बाकीच्या फक्त पाहता येतात. हवी ती फाइल पुन्हा खुली करता येते, पण त्या बदल्यात दुसरी बंद करावी लागते. कामातून वर्षाला १,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असावं अशी अटही आहे. २०२० साली या मोफत परवान्यातल्या बऱ्याच सोयी कमी केल्या गेल्या. स्टेप फाइल (इतर कॅड सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी त्रिमितीय फाइल) बाहेर काढण्याची सोयसुद्धा जाणार होती, वापरणाऱ्यांनी आवाज उठवल्यावर ती राहिली. यात कंपनीला दोष द्यायचा नाही, फुकट दिलेली गोष्ट आवरण्याचा तिला हक्क आहे. पण अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाने हे लक्षात ठेवायला हवं.

ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं. सॉलिडवर्क्स सुरू करणाऱ्या जॉन हर्शटिक यांच्याच चमूने ते बांधलं, २०१९ साली पीटीसी या सॉफ्टवेअर कंपनीने ते विकत घेतलं. मोफत योजनेत तुमचं प्रत्येक डॉक्युमेंट सार्वजनिक असतं, कोणीही उघडून पाहू शकतं, आणि वापर व्यावसायिक नसावा लागतो. सॉलिड एजची कम्युनिटी आवृत्ती संगणकावर बसते आणि जवळजवळ पूर्ण ताकदीची आहे. ड्रॉइंगवर छाप उमटते आणि फाइल व्यावसायिक आवृत्तीत जात नाही, एवढंच. शिवाय ती फक्त विंडोजवर चालते. मित्राचा लॅपटॉप जुना मॅक, म्हणून सॉलिड एजची चाचणी माझ्या संगणकावर घ्यावी लागली.

फ्रीकॅडला यातलं काहीच लागू नाही. फाइल तुमची, संगणक तुमचा, फ्रेम विकली तरी कोणी विचारणार नाही. त्याची फाइल म्हणजे एक झिप असते, तिच्या आत मजकुराच्या रूपात सगळी माहिती असते. सॉफ्टवेअर बंद पडलं तरी ती वाचता येईल अशी ती रचना आहे, आणि मला तिचं फार मोल वाटतं. फ्रीकॅडचं जुनं दुखणं म्हणजे आधीचं स्केच बदललं की पुढच्या क्रियांना आपला पृष्ठभाग सापडत नसे आणि मॉडेल कोसळत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत त्यावर मोठं काम झालं, आणि जोडणीचं वर्कबेंचही (एका प्रकारच्या कामाच्या साधनांचा संच) त्याच आवृत्तीत मूळ सॉफ्टवेअरचा भाग झालं. जुने अनुभव वाचून फ्रीकॅड नाकारू नये, एवढं मी इथे आवर्जून सांगेन.

चाचणी: गाडीतला सर्वांत अवघड कोपरा

शिकवणीतला नमुना चारही ठिकाणी छान बनतो, त्यातून काही कळत नाही. म्हणून आम्ही बग्गीतला सर्वांत किचकट कोपरा घेतला: डोक्यामागची मुख्य कमान, तिला येऊन मिळणारी छताची नळी, एक तिरपा आधार, आणि त्याच सांध्याजवळ शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा वाकवलेला ब्रॅकेट. हा कोपरा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये काढायचा, आणि काढून झाल्यावर दोन मापं बदलायची. कमान ४० मिमी रुंद करायची आणि ६ अंश मागे कलवायची.

आधी नळ्यांची निवड सांगतो, कारण ती सॉफ्टवेअरच्या आधी होते. मोटार क्रीडेच्या नियमपुस्तकांत हे आकडे तयार मिळतात. एफआयए या जागतिक मोटार क्रीडा संघटनेच्या परिशिष्ट जे मधलं कलम २५३ मुख्य कमानीला ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी आणि बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी मागतं, तेही थंड ओढलेल्या सीमलेस कार्बन पोलादात. विद्यार्थ्यांच्या बाहा एसएई स्पर्धेत मुख्य नळ्यांसाठी २५ मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी जाडी हा संदर्भ धरतात. आमची गाडी स्पर्धेला जाणार नव्हती. हलकी, कमी वेगाची गाडी म्हणून मुख्य नळ्या ३८ × २.५ आणि दुय्यम २५ मिमीच्या ठरल्या. ३८ × २.५ ची नळी मीटरला सुमारे २.२ किलो भरते, आणि हा आकडा मॉडेलने दिलेल्या वजनाशी पडताळायला कामी आला.

चाचणीत काय दिसलं? चारही सॉफ्टवेअर मापांना नावं देऊ देतात. फ्यूजनमध्ये पॅरामीटर, ऑनशेपमध्ये व्हेरिएबल, सॉलिड एजमध्ये व्हेरिएबलचा तक्ता, फ्रीकॅडमध्ये चक्क स्प्रेडशीट. "कमानरुंदी" एकदा लिहायची आणि सगळीकडे तेच नाव वापरायचं. इथपर्यंत कोणी मागे नव्हतं.

फरक नळ्या उभ्या करताना पडला. सॉलिड एजमध्ये फ्रेमसाठी वेगळी सोय आहे: अवकाशातल्या रेषा निवडा, छेद द्या, नळ्या उभ्या राहतात. ऑनशेपमध्येही फ्रेम नावाची क्रिया आहे, आणि आपल्या नळीचा छेद दोन वर्तुळं काढून एकदा नोंदवला की तोच सगळीकडे वापरता येतो. टोकं छाटणं, कोपऱ्यांना गसेट (मजबुतीचे त्रिकोणी पत्रे) देणं, कटलिस्ट काढणं हे तिच्याच सोबत येतं. मात्र ऑनशेपचं स्केच प्रतलावरच राहतं. तिरप्या आधारासाठी आधी दोन टोकांमधून जाणारं प्रतल बांधावं लागलं, ही थोडी खटपट होती. फ्यूजनमध्ये त्रिमितीत रेषा सहज काढता आल्या आणि पाइप क्रियेने नळ्याही झाल्या, पण कटलिस्ट आम्हाला हाताने जमवावी लागली. फ्रीकॅडमध्ये फ्रेमसाठी स्वतंत्रपणे जोडायचं वर्कबेंच आहे आणि ते काम करतं. मित्राची पहिली बैठक मात्र कोणतं वर्कबेंच कशासाठी उघडायचं हे समजण्यातच गेली.

मग कमान रुंद केली आणि कलवली. इथे मला जे दिसलं ते या सगळ्या प्रकरणाचं सार आहे. नळ्या रेषांच्या सांगाड्यावर उभ्या होत्या तिथे चारही मॉडेलं सावरली, फ्रीकॅडसुद्धा. जिथे ब्रॅकेट किंवा खाच दुसऱ्या नळीच्या पृष्ठभागाला टेकवून काढली होती, तिथे चारही ठिकाणी काही ना काही तुटलं. फरक राहिला तो दुरुस्तीत. ऑनशेप आणि फ्यूजन कुठली क्रिया अडली ते लाल रंगात दाखवतात आणि नवा पृष्ठभाग निवडला की गाडी पुढे सरकते. फ्रीकॅडमध्ये कारण शोधायला वेळ लागला. सॉलिड एजमध्ये तर इतिहास न शोधता पृष्ठभाग धरून थेट ओढण्याची सोय आहे, २००८ पासूनची, आणि या कामात ती फार सुखाची वाटली.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम ठरवला: आधी फक्त रेषा. चाकांचे मध्यबिंदू, अ‍ॅक्सल, विशबोनची टोकं, सीटचा नितंबबिंदू (बसणाऱ्याचा नितंबाचा सांधा येतो ती जागा), नळ्यांच्या मध्यरेषा. घन वस्तू एकही नाही. विशबोन वरखाली होताना चाकाचा कोन किती बदलतो, स्टिअरिंगचा रॉड चाकाला ओढतो का, हेही या रेषांवरच तपासून होतं. नळ्या आणि पत्रे नंतर या सांगाड्याला टांगायचे.

वाकवलेली नळी जवळून

नळ्या वाकवणाऱ्याच्या खुणांबद्दल थोडं खोलात जातो, कारण इथे चूक झाली तर सर्वांत महागडी नळी भंगारात जाते. त्याच्या डायची (नळी जिच्याभोवती वाकते त्या साच्याची) मध्यरेषेवरची त्रिज्या ११४ मिमी होती, म्हणजे नळीच्या व्यासाच्या तिप्पट. हा आकडा डायवरून घ्यायचा असतो, मॉडेलमध्ये डोळ्याला बरी दिसेल ती त्रिज्या ठेवायची नसते.

समजा कमानीचे पाय कोपऱ्यापर्यंत १००० मिमी, वरची रुंदी कोपरा ते कोपरा ११०० मिमी, आणि दोन्ही वाक ९० अंशांचे. कोपऱ्यांवरून मोजलं तर नळी ३१०० मिमी लागेल असं वाटतं. पण वाकात नळी कोपरा कापून जाते. ९० अंशांच्या वाकाला मध्यरेषेवर १७९.१ मिमी नळी लागते, कोपऱ्यावरून गेली असती तर २२८ लागली असती. प्रत्येक वाकाला सुमारे ४९ मिमी कमी, म्हणून खरी लांबी ३००२.१ मिमी. खुणा अशा पडतात: पहिला वाक ८८६ मिमीवर सुरू आणि १०६५.१ वर संपतो, मग ८७२ मिमी सरळ, दुसरा वाक १९३७.१ वर सुरू आणि २११६.१ वर संपतो. हाच हिशोब कागदावर करून मॉडेलमधल्या मध्यरेषेच्या लांबीशी ताडून पाहिला. दोन्ही जुळल्यावरच नळी कापायला दिली.

छताच्या बाजूच्या नळीला दोन वाक वेगवेगळ्या प्रतलांत होते. तिथे वाकांच्या मध्ये नळी किती फिरवायची तो कोन लागतो. हा कोन म्हणजे पहिल्या वाकाचं प्रतल आणि दुसऱ्या वाकाचं प्रतल यांच्यातला कोन, आणि तो चारही सॉफ्टवेअरमध्ये मोजता येतो. पण एकही सॉफ्टवेअर आपण होऊन सांगत नाही की दोन वाकांच्या मधला सरळ भाग डायच्या पकडीला पुरत नाही. आमच्या पहिल्या आखणीत तो भाग तोकडा होता आणि नळ्या वाकवणाऱ्याने कागद पाहताच तो दाखवला. नळी परत उलगते त्याचा अंदाजही त्याचाच, मॉडेलमध्ये तो घालायचा नाही.

नळीच्या टोकाला खोगिरासारखी खाच पाडताना कागदी साचा वापरायचा होता. २५ मिमीची नळी ३८ मिमीच्या नळीला काटकोनात मिळते तेव्हा खाचेची खोली ४.७ मिमी येते. दोन्ही नळ्या ३८ मिमीच्या असतील तर तीच १९ मिमी होते. मॉडेलमध्ये नळीला उभी, अगदी बारीक चीर देऊन तिला पत्रा समजायचं आणि उलगडायचं, की साच्याची वक्ररेषा मिळते. ३८ मिमीच्या नळीभोवती गुंडाळायच्या कागदाची रुंदी ११९.४ मिमी भरायला हवी. प्रत्येक साच्यावर आम्ही १०० मिमीची एक रेघ काढून ठेवली, कारण प्रिंटर कागदाला बसवायच्या नादात माप गुपचूप लहान करतो. रेघ पट्टीने मोजायची, बरोबर भरली तरच कात्री लावायची.

पत्र्याचे ब्रॅकेट

पत्रा वाकवायचा असेल तर सॉफ्टवेअरला के फॅक्टर सांगावा लागतो, म्हणजे जाडीत कितव्या ठिकाणी पत्रा ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. पुस्तकातला आकडा घेण्यापेक्षा ज्या यंत्रावर वाकवणार त्यावरच एक पट्टी वाकवून पाहावी. आमची पट्टी १०० मिमी लांब, ३ मिमी जाड, आतली त्रिज्या ३ मिमी, वाक ९० अंश. वाकवल्यावर दोन्ही बाजू बाहेरून मोजल्या तर बेरीज १०५.३ मिमी आली. त्यावरून के ०.४२ निघाला. तो सॉफ्टवेअरमध्ये भरल्यावर ब्रॅकेटची भोकं समोरासमोर आली. चौघांमध्ये ऑनशेप इथे मला सर्वांत आवडलं: वाकवलेला भाग आणि सपाट नकाशा एकाच वेळी शेजारी दिसतात, एकात बदल केला की दुसऱ्यात लगेच.

डीएक्सएफ पाठवण्याआधी ती दुसऱ्या एखाद्या साध्या द्विमितीय सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहायची सवय लावावी. आम्ही लिब्रेकॅड वापरलं. तीन गोष्टी पाहायच्या. बाहेरचं माप बरोबर आहे का, कारण डीएक्सएफमधलं एकक पुढचं यंत्र वाचेलच असं नसतं आणि इंच-मिलिमीटरची गफलत झाली तर भाग २५.४ पटीने लहान किंवा मोठा होतो. भोकं खरी वर्तुळं आहेत की तुकड्यांची. आणि एकावर एक दोन रेघा पडल्या आहेत का, कारण मग कटर त्याच वाटेने दुसऱ्यांदा जातो.

ताणाचं विश्लेषण

रंगीत ताणचित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यावं, असा मित्राचा आग्रह होता. फ्रीकॅडमध्ये कॅलक्युलिक्स या ताण मोजणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे ते मोफत होतं. मी विरोध केला. हौशी गाडीत फ्रेम बहुधा सांध्यापाशी जाते, आणि वेल्डजवळच्या धातूची खरी अवस्था त्या चित्रात नसते. शिवाय कुठला भार, कुठे, किती वेळा, हे नीट माहीत नसताना चित्र हिरवं आलं की नळी पातळ करायचा मोह होतो. नियमपुस्तकातल्या नळ्या, त्रिकोण पूर्ण करणारे आधार आणि बसणाऱ्यांच्या डोक्याभोवती मोकळी जागा यांवर वेळ घालवणं जास्त सुरक्षित. निवडीत या सोयीला आम्ही गुणच दिले नाहीत.

निर्णय आणि त्यानंतर

ऑनशेप ठरलं. सपाट नकाशे चांगले, कटलिस्ट तयार, जुन्या मॅकवर चालणारं, आणि आम्ही दोघं वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच मॉडेल पाहू शकत होतो. बोलताना तो कर्सर नेऊन सांधा दाखवायचा आणि मी तिथेच माप बदलायचो. डॉक्युमेंट सार्वजनिक असण्याची त्याला फिकीर नव्हती, गाडी स्वतःसाठीच होती.

ढगात ठेवलेल्या फाइलवर विसंबून राहायचं नाही, हेही त्याच वेळी ठरलं. प्रत्येक टप्प्याला संपूर्ण फ्रेमची स्टेप फाइल, सगळ्या ब्रॅकेटच्या डीएक्सएफ आणि ड्रॉइंगच्या पीडीएफ स्वतःच्या डिस्कवर उतरवायच्या. स्टेपमध्ये आकार येतो, तो कसा घडला तो इतिहास येत नाही. म्हणून मापांच्या नावांचा तक्ताही वेगळा लिहून ठेवला. उतरवलेली फाइल फ्रीकॅडमध्ये उघडून कमानीच्या वाकाची त्रिज्या मोजली, ११४ आली की पुढे.

खरी परीक्षा इंजिन आलं तेव्हा झाली. तोवर मॉडेलमध्ये कुणीतरी बनवून इंटरनेटवर ठेवलेलं इंजिन बसवलेलं होतं. खऱ्या इंजिनचं पुढचं स्प्रॉकेट त्याच्यापेक्षा १४ मिमी बाहेर निघालं. चेनची रेघ चुकली, म्हणून इंजिन सरकवावं लागलं आणि मागची एक नळी हलवावी लागली. सांगाड्यातली एक रेषा सरकवल्यावर नळ्या, टोकांचे कोन आणि कटलिस्ट बदलली. तुटले ते फक्त दोन ब्रॅकेट, घाईत नळीच्या पृष्ठभागाला टेकवून काढलेले. ते सांगाड्याच्या बिंदूंवर पुन्हा बसवले. तोवर त्या भागातली नळी कापलेली नव्हती, कारण इंजिन हाती येईपर्यंत मागच्या नळ्यांना हात लावायचा नाही हे मित्राचं स्वतःचं शहाणपण होतं.

वेल्डिंगला सॉफ्टवेअरचा उपयोग एका कागदापुरता झाला. जिगवरच्या बिंदूंमधले कर्ण, सगळे, एका पानावर. वेल्ड थंड होताना ओढतं, मॉडेलला ते कळत नाही. टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारल्यावर कर्ण मोजायचे, समोरासमोरच्या सांध्यांना आलटून पालटून वेल्ड करायचं, पुन्हा मोजायचे.

अटी वेगळ्या असत्या तर

मित्राकडे विंडोजचा बरा संगणक असता आणि तो एकटाच काम करणारा असता, तर मी त्याला सॉलिड एज घ्यायला सांगितलं असतं. अवकाशातल्या रेषा आणि थेट ओढून बदल करण्याची सोय, या दोन गोष्टी नळ्यांच्या फ्रेमला फार मानवतात. चाकांचे हब आणि अपराइट (हब धरणारे भाग) तो स्वतःच्या सीएनसी मिलवर कापणार असता तर फ्यूजन, कारण कापायच्या वाटा त्याच सॉफ्टवेअरमध्ये आखता येतात. मोफत परवान्यात यंत्राच्या झटपट हालचाली मंदावतात, पण हौशी कामाला तेवढं चालतं.

आता ही बग्गी पाहून एका ओळखीच्याने तशीच फ्रेम विकत मागितली आहे. पैसे घेऊन फ्रेम द्यायची तर ऑनशेपचा मोफत परवाना चालणार नाही. त्यामुळे दुसऱ्या फ्रेमचा सांगाडा मापांच्या त्या तक्त्यावरून फ्रीकॅडमध्ये नव्याने काढायला मित्राने सुरुवात केली आहे, आणि या वेळी कोणतं वर्कबेंच उघडायचं हे त्याला ठाऊक आहे.